मीटर वाजला नाही म्हणून बल्ब गेला? कार्बन आणि टंगस्टनचा घोळ

गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघते आणि माळ्यावरून समया-हंड्यांसोबत डोक्यावर काचेचं बोंड असलेला बल्ब खाली येतो. "चालतो काय रे?" असं विचारणारा माणूस त्याच दमात होल्डर शोधायला लागतो. त्याला आधी थांबवा. आतली तार कार्बनची की टंगस्टनची हे कळल्याशिवाय कुठल्याच चाचणीचा नीट अर्थ लागत नाही.

बोंडावर जाऊ नका. आतली हवा ओढून घेतल्यावर नळी वितळवून बंद करत, ती ही जागा. १९२०च्या सुमारापर्यंत बहुतेक बल्बांना ती असायची, म्हणजे वयाचा अंदाज येतो, तारेचा नाही. एडिसनचा १८७९चा बल्ब कार्बनचा, टंगस्टनच्या तारेचं पेटंट १९०४चं, आणि पुढे बरीच वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी विकले जात.

उजेडासमोर धरून पाहा. कार्बनची तार जाडसर, काळी-करडी, एकदोन मोठे वेढे घेतलेली असते आणि काचेला हलकी टिचकी मारली की बराच वेळ थरथरत राहते. टंगस्टनची तार केसासारखी बारीक, मधल्या काचेच्या दांडीवरच्या आकड्यांमधून वर-खाली ओवलेली. तिला मात्र टिचकीही नको, जुनी टंगस्टन फार ठिसूळ असते. (कॅफेंमधले 'व्हिंटेज' बल्ब दिसायला कार्बनचे वाटले तरी ते आजचे टंगस्टन किंवा एलईडी असतात.)

आता मीटर, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर. खरी फसगत इथे होते. तार तुटली का हे पाहायला बहुतेक जण मीटर 'पीं' वाजणाऱ्या खुणेवर ठेवतात. तो आवाज रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) अगदी कमी, साधारण काही दहा ओहमच्या आत असेल तरच येतो. कार्बनचा रोध थंड असताना जास्त असतो आणि तापल्यावर निम्म्याच्या आसपास उतरतो. टंगस्टनचं नेमकं उलट, तापल्यावर दहा पटींहून अधिक वाढतो. २३० व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना रोध सुमारे ८८० ओहम. थंड टंगस्टन साठ-सत्तर दाखवील, थंड कार्बन दीड हजाराच्या पुढे. म्हणजे धडधाकट कार्बनचा बल्बही मीटरला वाजवणार नाही आणि बिचारा कचऱ्यात जाईल. ओहमच्या मोठ्या पट्टीवर मोजा.

रोध बरोबर आला तरी अर्धंच काम झालं. तार अखंड असून आत हवा शिरलेली असू शकते आणि ते मीटर सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड. जुन्या बल्बासोबत मालिकेत १५ वॅटचा तारेचा बल्ब लावा (एलईडी इथे निरुपयोगी), डोळ्यांवर चष्मा चढवा आणि मग वीज सोडा. ठीक असेल तर फार तर मंद लालसर तार दिसेल, मग ४०, मग ६० वॅट असं वाढवत न्या. हवा शिरलेली असेल तर टंगस्टनमधून पांढरट-पिवळसर धूर निघून काचेवर बसतो आणि कार्बनची तार सरळ जळून तुटते. धुराची जरा शंका आली तरी बंद करा.

थेट २३०वर लावायचा मोह आवरा. टंगस्टनला बटण दाबताक्षणी येणारा झटका मारतो. कार्बनला तो झटका नसतो, पण व्होल्टेज थोडं चढलं की तार तापते, रोध उतरतो, प्रवाह आणखी वाढतो आणि आयुष्य झपाट्याने घटतं. टोपणावर (होल्डरमध्ये बसणाऱ्या पितळी भागावर) ११० व्होल्ट लिहिलेला बल्ब तर एका क्षणात उडेल. जुन्या कागदी चिठ्ठीवर वॅटऐवजी '१६ सी.पी.' दिसलं तर ती मेणबत्त्यांच्या मापातली उजेडाची नोंद. अशा कार्बनच्या बल्बाला साधारण पन्नास वॅट लागतात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला कार्बनचा बल्ब १९०१ पासून पेटतोय, पण जेमतेम चार वॅटवर. घरात शोभेला पेटवायचा असेल तर माझं मत हेच, छापील व्होल्टेजच्या बरंच खाली ठेवा.

आणि मोठ्या पट्टीवरही काहीच आकडा आला नाही तर? फेकण्याआधी टोपण पाहा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर हिरवा थर चढतो, बुडाच्या कथलाच्या डागावर (जोडावर) मळी बसते आणि तार शाबूत असून मीटर गप्प राहतो. बारीक पॉलिश पेपरने तेवढाच डाग घासा आणि पुन्हा मोजा. घासताना टोपण पिळू नका. टोपण काचेला चिकटवणारा आतला जुना मसाला सुटलेला असतो, आणि वीज आत नेणाऱ्या दोन्ही तारा तिथेच तुटतात.