विषाणूच्या न्यूमोनियाआड वाढणारी बुरशी

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आकार जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर, त्यामुळे ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपण रोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे आत घेतो आणि आपल्याला काहीही होत नाही. श्वासनलिकांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस काही बीजाणू बाहेर ढकलतात, उरलेले मॅक्रोफेज या रक्षक पेशी गिळून टाकतात आणि एखादा रुजलाच, तर त्याचे तंतू न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी नष्ट करतात.

गंभीर फ्लू किंवा कोविडमध्ये विषाणू नेमके हेच अस्तर उद्ध्वस्त करतो आणि या पेशींची मारकशक्तीही घटते. त्यात स्टेरॉइडची भर पडते. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, हा उपचार जीव वाचवतो आणि तो द्यायलाच हवा. मात्र मात्रा किंवा दिवस वाढवले, शिवाय दाह दाबणारे टोसिलिझुमॅब हे औषधही दिले, तर बुरशीचा धोका वाढतो. फ्लूच्या न्यूमोनियात तर स्टेरॉइडचा असा फायदा सिद्धही झालेला नाही.

हा धोका किती मोठा आहे, ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून समजले. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ७ अतिदक्षता विभागांतील ४३२ फ्लू रुग्णांपैकी ८३ जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, हा संसर्ग झाला होता. त्यांतले ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. बुरशी नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण २८ टक्के होते. ज्यांची प्रतिकारशक्ती मुळात ठीक होती, अशांपैकीही १४ टक्क्यांना संसर्ग झाला. ‘हा तर धडधाकट माणूस, याला कुठली बुरशी?’ असे म्हणून चालत नाही ते यामुळेच.

ओळख पटवणे मात्र अवघड. ताप, वाढती ऑक्सिजनची गरज, एक्स-रेवरचे डाग हे सगळे विषाणूमुळेही होते. सुधारणारा रुग्ण अचानक ढासळला, प्रतिजैविके देऊनही ताप हटेना किंवा कफात रक्त आले, तर बुरशीचा संशय घ्यायचा. फ्लूमध्ये ती बहुधा अतिदक्षता विभागातल्या पहिल्या काही दिवसांतच सापडते, कोविडमध्ये साधारण आठवड्याने. म्हणून फ्लूचा रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला, की लवकरात लवकर ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून आतून केलेली तपासणी, केलेली बरी.

ब्राँकोस्कोपीची नळी बाधित भागात नेऊन तिथे सलाइन थोडे थोडे सोडतात आणि लगेच ओढून घेतात. रुग्णाचा ऑक्सिजन यादरम्यान खाली जाऊ शकतो, त्यामुळे आधी व्हेंटिलेटरवरून १०० टक्के ऑक्सिजन देतात. श्वासनलिकेच्या भिंतीवर पांढुरके पापुद्रे किंवा व्रण दिसले, तर तिथलाही नमुना घ्यायचा. परत आलेल्या द्रवात बुरशीच्या भिंतीतला गॅलेक्टोमॅनन हा घटक मोजतात. निर्देशांक १ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो संसर्गाचा भक्कम पुरावा. कल्चरही लावायचे, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायची, पण त्याला काही दिवस लागतात. रक्तातली गॅलेक्टोमॅनन चाचणी इथे फसवी ठरते. कोविडमध्ये बुरशी बराच काळ श्वासमार्गातच राहते, रक्तवाहिन्यांत उशिरा शिरते, त्यामुळे रक्ताचा अहवाल नकारात्मक आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. उलट कफात नुसती कँडिडा ही दुसरी बुरशी सापडली, तर ती बहुतेकदा तिथली नेहमीची रहिवासी असते. तिच्यासाठी औषध लागत नाही.

उपचार सहसा व्होरिकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाने सुरू होतो. शिरेतून पहिल्या दिवशी १२ तासांच्या अंतराने दोनदा, दर किलो वजनाला ६ मिलिग्रॅम, आणि नंतर दर १२ तासांनी ४ मिलिग्रॅम. उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतो. हृदयाच्या आलेखातला क्यूटी कालावधी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असेल, तर व्होरिकोनाझोल तो आणखी लांबवू शकते, म्हणून त्याच गटातले आयसाव्हुकोनाझोल सोयीचे. बुरशी या ॲझोल गटाच्या औषधांना दाद देत नसेल, तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. म्युकर या वेगळ्या बुरशीवर व्होरिकोनाझोल चालत नाही आणि गॅलेक्टोमॅनन चाचणीत ती दिसतही नाही, हे विसरून चालणार नाही.

व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी पुढच्या मात्रेच्या अगदी आधी मोजायची. ती लिटरला १ ते ५.५ मिलिग्रॅम हवी. यकृताचा दाह, भास होणे ही पातळी चढल्याची लक्षणे. अंगात दाह जोरात असताना यकृत हे औषध सावकाश फोडते, म्हणून पातळी चढते. रुग्ण सुधारू लागला, की त्याच मात्रेवर ती घसरते. एकदा बरोबर आलेली पातळी आठवड्याभराने पुन्हा तपासावी लागते ती यासाठी.