पार्श्वभूमी: सीमाभागात संगीताची पदवी कुठून आली?

बारावीनंतर संगीतातच पदवी घ्यायची असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी घरी म्हणाली, की प्रश्न ठरलेले असतात. पदवी कुठल्या विद्यापीठाची? पुढे काय? आणि नुसतं गाणंच, की चाल बांधणं, रेकॉर्डिंग, ध्वनीचं तंत्र हेही शिकवतात? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्याचं कारण सव्वाशे वर्षांमागे जाऊन शोधावं लागतं. ज्या पट्ट्यात नाटकाची पदं रचली गेली, तंबोरे घडले, पेट्या जुळवल्या गेल्या, त्याच पट्ट्यातून विद्यापीठांनी गाणं-वाजवणं तेवढं उचललं. बाकीचं बाहेर राहिलं.

मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी या रेल्वेमार्गावर नाटक कंपन्या आणि गवई सतत ये-जा करत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली, अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात होते, अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले आणि त्यांचं गाणं शिष्य सवाई गंधर्वांमार्फत कुंदगोळला रुजलं. भास्करबुवा बखल्यांनी काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी केली. मल्लिकार्जुन मन्सूरांची सुरुवात मिरजेच्या नीलकंठबुवांकडे झाली. गुरू मराठी बोलतो की कानडी, याची पंचाईत कुणी केली नाही. हे सगळं शिक्षण गुरूच्या घरी होई, त्याला ना वेळापत्रक होतं ना प्रमाणपत्र.

ते आणलं विष्णु दिगंबर पलुस्करांनी. जन्म कृष्णाकाठच्या कुरुंदवाडचा, तालीम मिरजेत बाळकृष्णबुवांकडे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, छापील पुस्तकं, परीक्षा असं शाळेचं रूप दिलं. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्याची उतरंड आज सीमाभागातल्या घराघरात ठाऊक आहे. बेळगावात 'मिरजेची परीक्षा' म्हणतात ती हीच. तिच्या जोडीला कर्नाटक सरकारची ज्युनियर, सीनियर, विद्वत् ही परीक्षा आहे. त्यामुळे इथल्या क्लासात शेजारी-शेजारी बसणारी दोन मुलं एकच यमन राग दोन वेगळ्या परीक्षांसाठी घोटत असतात.

स्वरलिपीचंही, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याच्या पद्धतीचंही, तसंच. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब दिलं की मंद्र (खालचं) सप्तक, वर दिलं की तार (वरचं). पलुस्कर पद्धतीत टिंब वर असतं आणि ते मंद्राचं असतं, तारसाठी उभी रेघ येते. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर पाय मोडतात. एका पद्धतीत शिकलेलं मूल दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडतं तेव्हा 'नि' नेमका वरचा की खालचा, इथूनच अडखळतं. शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात दोन्ही लिप्या फळ्यावर मांडल्या, तर पुढचा कितीतरी त्रास वाचेल.

आता जे बाहेर राहिलं त्याबद्दल.

चाल बांधण्याचं काम या मातीत जुनं आहे. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली आताच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. नोकरी बेळगावची, नाटकाचं वेडही तिथलंच. त्यांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात साकी, दिंडी होती, कीर्तनातल्या चाली होत्या आणि कानडी चालीही होत्या. ऐकलेल्या चालीतून प्रसंगाला बसेल ते निवडायचं, मराठी शब्द त्या वजनात घालायचे, नटाच्या गळ्याला झेपेल असं वळवायचं, हे संगीतरचनेचंच शिक्षण होतं आणि ते तालमीत मिळत होतं. पुढे बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी बंदिशी रचल्या, लोकधुनांतून नवे राग उभे केले. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले, त्या देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेला होता, हे विसरू नये.

तंत्राची गोष्ट याहून मोठी आहे. मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्या परंपरेतल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढताना कारागीर घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेने अगदी थोडा थोडा घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला जातो. तो केसभर पुढेमागे झाला तरी बंद वाटणारा स्वर एकदम खुलतो. हे ध्वनिशास्त्र आहे, आणि ते बोटांत आहे.

पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचंही असंच. बेळगावला पेटीची मोठी परंपरा आहे. कागवाडला १९१७ साली जन्मलेल्या पं. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात राहून पिढ्यांमागून पिढ्या घडवल्या. पेटीतला पितळी सूर (कंप पावणारी पातळ पट्टी) टोकाकडे खरवडला की चढतो, बुडाकडे खरवडला की उतरतो. सगळं जुळवणं एवढ्यावर चालतं, पण कान तयार व्हायला वर्षं जातात. याच पेटीवरून मोठा वादही झाला. तिचे बारा ठरीव स्वर आपल्या श्रुतींशी, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांशी, जुळत नाहीत, हा आक्षेप. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजले आणि १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झडली, जाणकारांनी ती स्वीकारली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पासून सैल झाली. प्रयोग फसला असेल, पण गळा, गणित आणि वाद्य एका टेबलावर आणणारं ते संशोधन होतं. कुठल्याही विद्यापीठाने नंतर ते आपल्या हाती घेऊन पुढे नेलं असतं, तर आज चित्र वेगळं असतं, असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठं आली ती वेगळ्या वाटेने. बडोद्याची संगीतशाळा १८८६ ची. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौचं मॅरिस कॉलेज १९२६ साली निघालं. दोन्हीकडे भर राग, ताल आणि शास्त्र यांवर होता, कारण त्या काळातली निकडच ती होती: विद्या टिकवायची, सुशिक्षित घरांपर्यंत न्यायची. पदवीचा साचा तिथून ठरला. प्रात्यक्षिक, मौखिक, लेखी, मंचप्रदर्शन.

कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झालं आणि वर्षभरात धारवाडला आलं; धारवाड तेव्हा मुंबई राज्यातच होतं. त्याच्या संगीत विभागाची धुरा पुढे मल्लिकार्जुन मन्सूरांनी सांभाळली. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, शिवाजी विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात झालं, आणि पूर्वी एकाच रेल्वेमार्गावर असलेल्या विद्येच्या मधोमध प्रवेशाचे नियम, रहिवासी दाखला, माध्यम अशी कामं येऊन बसली. गाणं अडलं नाही. पदवी मात्र अडली: शास्त्राचा पेपर मराठीत लिहिता येईल का, ही चौकशी इथल्या मुलांना आजही आधी करावी लागते. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर बेळगावची महाविद्यालयं धारवाडपासून वेगळी झाली. शहरात केएलई अभिमत विद्यापीठाचीही संगीतशाळा आहे, आणि म्हैसूरला गंगूबाई हनगल यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे.

साचा मात्र तोच राहिला, आणि तो शिक्षकांच्या निवडीपर्यंत पोहोचला. प्राध्यापक व्हायचं तर सहसा 'नेट' ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा राज्याची 'सेट' द्यावी लागते. संगीताची 'नेट' पर्यायी उत्तरांची आहे. तिच्यात गायचं नाही, वाजवायचं नाही, रचायचं नाही. मग विभागात चाल बांधणारा किंवा ध्वनिमुद्रणातला जाणकार येणार कुठल्या दाराने?

तिकडे जर्मनीतल्या डेटमोल्डला १९४९ पासून संगीताचा कान आणि ध्वनीचं तंत्र एकत्र शिकवणारा 'टोनमाइस्टर' अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, रचना आणि तंत्र शिकायला ए. आर. रहमान यांनी २००८ साली काढलेली चेन्नईची संस्था आहे. बेळगावच्या मुलाला त्यासाठी गाव सोडावं लागतं आणि खर्च पेलावा लागतो.

अलीकडे बार्सिलोनाच्या विद्यापीठाने आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या साथीने रागसंगीताचं संगणकावर विश्लेषण करण्याचा मोठा प्रकल्प केला. गवयाचा गांधार नेमका कुठे लागतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून निघून कुठे जाते, हे ध्वनिमुद्रणावरून मोजायचं. देवलांनी सांगलीत बसून विचारला होता तो प्रश्न हाच. अशा कामाला सॉफ्टवेअर जाणणारे मिळतात, पण ऐकून 'हा स्वर चढा आहे' असं सांगणारे तयार कान हवे असतात. बेळगावच्या क्लासांतून, मिरजेच्या दुकानांतून ते आहेत. त्यांना संशोधक म्हणून बसवायला खुर्ची कोणत्या विभागात आहे, एवढंच इथल्या विद्यापीठांना विचारायचं आहे.