काळ्या पाषाणाच्या पोटातले स्फटिक: मराठवाड्यातल्या गारगोट्यांची पार्श्वभूमी

जालना, भोकरदन, सिल्लोड या पट्ट्यात विहीर खोदताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, की सुरुंगाचे बार घ्यावे लागतात. यारीने वर काढलेल्या ढिगात मग एखादा दगड असा फुटलेला असतो, की तो आतून लखलखतो. बाहेरून काळाकरडा; आत पांढरे, गुलाबीसर, क्वचित फिकट जांभळे टोकदार स्फटिक. पोरं ते उचलून नेतात, एखादा तुकडा देव्हाऱ्यात जातो, बाकीचे बांधावर पडून राहतात. आणि ‘हिरा तर नाही ना?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच.

हिरा नाही. हिरा घडतो जमिनीखाली साधारण 150 किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली, आणि वर येतो तो वेगळ्याच जातीच्या ज्वालामुखी खडकातून. निजामाच्या खजिन्यातल्या हिऱ्यांमुळे आपल्याकडे ही आशा रुजली असावी. पण गोवळकोंड्याच्या नावाने गाजलेले हिरे कृष्णेच्या खोऱ्यातले होते. मराठवाड्याच्या खडकाने दिलं ते वेगळं: अकीक, गार (म्हणजे क्वार्ट्झ), जांभळा अॅमेथिस्ट, आणि झिओलाइट या, जाळीत पाणी कोंडलेल्या खनिजांच्या कुळातले नाजूक स्फटिक. किमतीत ते हिऱ्याच्या जवळपासही जाणार नाहीत. पण ते कसे घडले आणि कसे टिकले, हे कळलं की बांधावरच्या त्या ढिगाकडे पाहण्याची नजर बदलते.

गोष्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांमागे सुरू होते. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढत गेले. आज हा दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मराठवाडा जवळजवळ सगळा त्यावरच बसलेला. फक्त नांदेडकडे देगलूर, किनवटच्या बाजूला खालचा जुना ग्रॅनाइट डोकं वर काढतो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल वेधन झालं. त्यात 338 मीटरपर्यंत लाव्ह्याचेच थर निघाले, मग थोडा गाळाचा खडक आणि त्याखाली अतिप्राचीन पाया. लातूर-धाराशिवच्या बाजूला हे आवरण पातळ आहे; पश्चिमेला सह्याद्रीकडे ते कितीतरी जाड होत जातं.

हजार अंशांहून तापलेल्या लाव्ह्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. लाव्हा पृष्ठभागावर आला की दाब उतरतो, वायूचे बुडबुडे तयार होतात आणि वर चढू लागतात. पण प्रवाहाची साय वरून आधीच गोठलेली असते. बुडबुडे तिच्याखाली अडकतात आणि दगड थिजला की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. म्हणून एकाच प्रवाहाचा मधला भाग घट्ट, अभंग कातळ असतो आणि माथा जाळीदार, भोकाभोकांचा. तळाशी कधी बोटभर लांबीच्या उभ्या नळ्याही दिसतात. गोठत्या लाव्ह्यातून वर निघालेल्या वायूची ती वाट. विहिरी खोदणारे या भोकाळ, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा थर लागला, तर एक प्रवाह थंड होऊन दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला होता असं समजावं.

इथवर स्फटिकाचा पत्ता नाही. आहे ती नुसती रिकामी जागा. ती भरली पाण्याने.

पावसाचं पाणी भेगांतून मुरत खाली गेलं, खाली अजून ऊब होती, आणि ते कोमट-गरम पाणी खडकाशी शतकानुशतकं बोलत राहिलं. बेसॉल्टमधली काच लवकर विरघळते. तिच्यातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम पाण्यात उतरलं. पोकळीत शिरल्यावर पाणी थंडावलं किंवा त्याचा मगदूर बदलला, की भिंतीवर एकेक कण बसू लागला. घाई कुठेच नाही. नीट घडलेला, टोकदार स्फटिक हवा तर दोन गोष्टी लागतात: वाढायला मोकळी जागा, आणि थेंबाथेंबाने पण सतत येणारा माल. बेसॉल्टच्या पोकळीत दोन्ही होतं.

एखादी फुटलेली पोकळी हातात घेऊन भिंतीपासून मध्याकडे पाहत जा, म्हणजे घडण्याचा क्रम वाचता येतो. अगदी कडेला, दगडाला चिकटून, हिरवट पातळ साल असते. ती सेलाडोनाइटची किंवा तत्सम मातकट खनिजाची. त्यावर कॅल्सेडनी, म्हणजे अकीक: दाढीच्या केसांहून बारीक तंतू भिंतीला काटकोनात वाढलेले, एकावर एक पट्टे देत. पाणी बदललं की पट्ट्याचा रंग बदलतो. त्याच्या आत गारेचे टोकेरी स्फटिक, सगळ्यांची तोंडं पोकळीच्या मध्याकडे, कारण वाढायला जागा तिकडेच होती. त्या गारेत जराशी लोहाची भेसळ असेल आणि लाखो वर्षं आसपासच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सार मिळाला असेल, तर ती जांभळी होते. सर्वांत शेवटी बरेचदा येतात हुलँडाइट, पेंढीसारखा मध्ये बांधलेला गुलाबी स्टिलबाइट, सुईसारखा स्कोलेसाइट, आणि काचेच्या चौकोनी तुकड्यासारखा अॅपोफिलाइट. अॅपोफिलाइट झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच पंगतीला बसतो. प्रत्येक पोकळीत हे सगळं असतंच असं नाही. कुठे एकच खनिज काठोकाठ भरलेलं, कुठे भिंतीला नुसती हिरवी साल.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वयाची. स्फटिक त्याच्या खडकाइतका जुना असतो असं आपण गृहीत धरतो. पण दख्खनमधल्या अॅपोफिलाइटचं कालमापन झालं तेव्हा काही स्फटिक लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी घडलेले निघाले. ज्वालामुखी केव्हाच निमाले, तरी खाली पाणी आपलं काम करतच होतं.

टिकण्याचा भागही तितकाच महत्त्वाचा. झिओलाइटच्या जाळीत पाणी कोंडलेलं असतं. खडक पुन्हा खोल गाडला जाऊन तापला असता, तर ही खनिजं मोडून दुसरीच झाली असती. हिमालयात खडकांच्या घड्या पडल्या, ते भाजून निघाले. दख्खनचे थर मात्र बहुतेक ठिकाणी टाकले तसेच आडवे राहिले. वर घट्ट कातळाचं झाकण, खाली तसाच कातळ, मध्ये हवा-ऊन न लागणारी बंद पोकळी. हे कवच फुटलं की धोका सुरू होतो. लॉमोंटाइट नावाचा झिओलाइट कोरड्या हवेत आला की पाणी गमावतो आणि काही दिवसांत त्याचा भुगा होतो. अॅमेथिस्ट वर्षानुवर्षं उन्हात ठेवला तर फिका पडतो. अॅपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात.

अकीक आणि गार यांचं तसं नाही. काठिण्य 10 च्या मापावर 7 च्या आसपास, पाण्या-पावसाला दाद न देणारी. बेसॉल्ट कुजून काळी माती झाली, पण त्याच्या पोटातल्या गारगोट्या तशाच राहिल्या. पाळी घालताना वर आल्या, ओढ्यांनी वाहून गोदावरीच्या वाळूगोट्यांत नेऊन टाकल्या. जमिनीखालचा माल असा आपोआप, खाण न खोदता, माणसाच्या हाती आला.

आणि माणसाने त्याचं मोल जाणलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात पैठण भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या अंतरावर असल्याचं लिहिलं आहे, आणि पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यांचा अकीक, मोठ्या प्रमाणात गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला येतो अशी नोंद आहे. पैठणहून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, आजचं तेर. तिथला माल मुख्यतः कापडाचा. रोममध्ये पट्टेदार अकिकावर मुद्रा आणि उठावाची चित्रं कोरण्याचा मोठा शौक होता. पांढरा थर कोरून आकृती काढायची आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून ठेवायचा, तर सरळ, समांतर पट्ट्यांचाच दगड लागतो. मराठवाड्यातल्या एखाद्या बुडबुड्यात साचलेली सिलिका अशी सातवाहनांच्या काळात समुद्रापार गेली असणार.

पैठण, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांत अकीक आणि तांबूस कार्नेलियनचे मणी निघाले. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर तिथल्या दानकर्त्यांची नावं कोरलेली आहेत. इतक्या लांब जाऊन दान देणाऱ्यांच्या हाती पैसा होता, तो व्यापाराचा असावा. तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंमध्ये, ते मणी आजही जवळून पाहता येतात. तिथे गेलात तर मण्याच्या भोकाकडे बघा. इतक्या कठीण दगडाला आरपार, सरळ भोक पाडणं हे कौशल्याचं आणि कमालीच्या चिकाटीचं काम आहे.

अजिंठ्यालाही या पोकळ्यांचं देणं आहे. पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या लेण्यांतला निळा रंग लाजवर्दी दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून आलेला. हिरवा मात्र हिरव्या मातीचा, सेलाडोनाइट-ग्लॉकोनाइट जातीचा. पोकळीच्या भिंतीला सगळ्यात आधी धरणारी ती हिरवट साल याच जातीची, आणि बेसॉल्टमध्ये ती मुबलक सापडते.

मणीकाम पुढे इथून हललं आणि गुजरातेतल्या खंबायतला एकवटलं. आज मराठवाड्यात या पोकळ्या उघडतात त्या विहिरीत, रस्त्याच्या खोदाईत आणि खडीक्रशरच्या खदानीत. दख्खनचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. पण त्यांच्या चिठ्ठीवर बरेचदा जिल्ह्याचं किंवा जवळच्या मोठ्या शहराचं नाव असतं, गाव किंवा खदान नसते. मध्यस्थांच्या साखळीत ते गळून जातं. कोणत्या प्रवाहातला, किती खोल, शेजारी कोणतं खनिज होतं, हे नसेल तर त्या स्फटिकाचा अर्धा इतिहास गेला. खदानीत बार उडवणाऱ्या वडार मंडळींना कोणत्या थरात ‘माल’ लागतो हे नेमकं ठाऊक असतं, आणि ती माहिती अजून कोणी वहीत उतरवलेली मला तरी दिसलेली नाही. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांना हे काम सहज जमण्यासारखं आहे: तालुक्यातल्या खदानी, तिथला थर, निघालेली खनिजं, तारीख आणि एक फोटो. खदान एकदा भरून टाकली किंवा पाण्याखाली गेली, की ती पोकळी पुन्हा बघायला मिळत नाही.