रवी (फलज्योतिष)

भारतीय फलज्योतिषातील नवग्रहांपैकी पहिला ग्रह. सूर्य हा तारा आहे ही बाब इथे आड येत नाही. पृथ्वीवरून पाहताना नक्षत्रांच्या मागच्या पटावर जे सरकताना दिसते ते ग्रह, आणि राहू-केतूसारखे गणिताने सरकणारे बिंदूही ग्रहच, असा या परंपरेचा हिशेब आहे. पत्रिकेत रवीची नोंद ‘र’ या अक्षराने करतात. आत्मा, पिता, राजसत्ता, अधिकार, आरोग्य आणि तेज यांचा तो कारक, म्हणजे या गोष्टी त्याच्यावरून पाहतात. असे असूनही शुभ ग्रहांच्या यादीत तो नाही. त्याला क्रूर म्हटले आहे, आणि सैलपणे बोलताना पापग्रहांतही धरतात. हे दोन्ही एकाच ग्रहाच्या वाट्याला का आले हे ध्यानात घेतले, तर रवीविषयीचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

‘वैदिक ज्योतिष’ हे नाव आज रूढ असले तरी वेदांत जन्मकुंडली नाही. ऋग्वेदातला सूर्य देव आहे. पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर त्याला अंधाराने झाकतो आणि अत्री ऋषी त्याला शोधून काढतात, ही ग्रहणाची कथा तिथली. वेदांगज्योतिषात सूर्य-चंद्राच्या गतीचे गणित आहे, पण ते यज्ञाचा काळ ठरवण्यापुरते. बारा राशी, लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास), भाव (लग्नापासून मोजलेली पत्रिकेची बारा घरे) यांचा त्यात पत्ता नाही. ही चौकट इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक परंपरेशी आलेल्या संबंधातून घडली, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथात ती पुरती इथली होऊन समोर येते. रवीला आत्मा म्हणण्यामागचा विचार मात्र अस्सल वैदिक आहे. ‘सूर्य आत्मा जगतस्तस्थुषश्च’, म्हणजे चराचराचा आत्मा सूर्य, हे ऋग्वेदातले (१.११५.१) वचन. वराहमिहिराने तोच धागा पकडून रवीला कालपुरुषाचा (राशिचक्र हेच ज्याचे शरीर, त्या पुरुषाचा) आत्मा आणि चंद्राला त्याचे मन ठरवले. जैमिनी या फलज्योतिषाच्या दुसऱ्या पद्धतीतला ‘आत्मकारक’ वेगळा: पत्रिकेत ज्या ग्रहाचे राशीतले अंश सर्वांत जास्त तो आत्मकारक, मग तो कोणताही असो. या दोहोंची गल्लत नवशिके हमखास करतात.

ग्रहांचे जे दरबारी रूपक ग्रंथांत येते त्यात रवी आणि चंद्र राजे, मंगळ सेनापती, बुध युवराज, गुरू-शुक्र मंत्री आणि शनी सेवक. राजाकडून संरक्षण मिळते तसाच दंडही मिळतो, आणि फार जवळ जाणाऱ्याची धडगत नसते. रवीच्या क्रूरतेचे मूळ यातच आहे. त्याच्याकडे दुष्टपणा नाही. गुणांच्या वाटणीत तो सात्त्विकच धरला आहे. ज्या भावात तो बसतो तिथले ओलसर, मऊ, नात्यागोत्याचे जे असेल ते तो शोषून घेतो, असे जुने ज्योतिषी सांगतात. म्हणून सप्तमातला, म्हणजे विवाहाच्या सातव्या भावातला रवी विवाहाला फारसा अनुकूल मानत नाहीत, दशमातला, म्हणजे कर्माच्या दहाव्या भावातला मात्र वाखाणला जातो.

कारकत्वांची यादी लांबलचक आहे. शरीरात हाडे, हृदय, डोळे (विशेषतः उजवा) आणि पित्त. धातूंत तांबे, धान्यांत गहू, रत्नांत माणिक, दिशांत पूर्व, ऋतूंत ग्रीष्म, वारांत अर्थातच रविवार. प्रत्येक ग्रहाला काळाचे एक माप दिलेले आहे, त्यात रवीकडे अयन (सूर्याच्या उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकण्याचे सहा महिने) आहे, आणि हे माप तर आकाशात दिसतेच. वराहमिहिराने रवीचे रूपही दिले आहे: मधासारखे पिंगट डोळे, चौरस बांधा, पित्तप्रकृती आणि डोक्यावर केस कमी. लग्नी रवी असला की केस विरळ, हा ज्योतिषांचा आवडता ठोकताळा इथून आला असावा.

राशींत सिंह ही त्याची स्वराशी, आणि तिचे पहिले २० अंश मूलत्रिकोण, म्हणजे विशेष बळाचा भाग. रवी आणि चंद्र यांना एकेकच रास आहे, बाकीच्या पाच ग्रहांना दोन-दोन. मेषेच्या १० अंशांवर तो परमोच्च (सर्वांत बलवान) आणि तुळेच्या १० अंशांवर परमनीच (सर्वांत दुर्बल) असतो. (ग्रीक परंपरेतही रवी मेषेतच उच्च आहे, पण १९ अंशांवर.) निरयन, म्हणजे तारकांच्या संदर्भाने केलेल्या गणनेने रवी एप्रिलच्या मध्यापासून मेषेत आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून तुळेत असतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या बहुतेकांचा रवी नीच राशीत असतो. एवढ्यावरून कोणाला दुर्बल ठरवू नये असे ग्रंथच बजावतात. नीचभंगाचे, म्हणजे नीचपणा रद्द ठरवणारे नियम त्यासाठीच आहेत.

चंद्र, मंगळ व गुरू हे रवीचे मित्र, बुध सम, शुक्र आणि शनी शत्रू. शनीशी असलेले वैर पुराणकथेतही आहे आणि राशिचक्राच्या रचनेतही. कथेत शनी सूर्याला छायेपासून झालेला मुलगा, बापावर रुसलेला. चक्रात सिंहेसमोर शनीची कुंभ येते. रवी जिथे उच्च त्या मेषेत शनी नीच, आणि रवी जिथे नीच त्या तुळेत शनी उच्च. इतकी काटेकोर समोरासमोरची मांडणी दुसऱ्या कोणत्याच जोडीची नाही. पत्रिकेत रवी-शनी एकत्र किंवा समोरासमोर दिसले की ज्योतिषी बाप-लेकाच्या संबंधांकडे वळतात, ते यामुळे.

भावांपैकी दशमात रवीला दिग्बल, म्हणजे दिशेमुळे येणारे बळ मिळते. कारण साधे आहे: भर दुपारी जन्मलेल्याचा रवी दशमाजवळ असतो, आणि तेव्हाच तो आकाशात सर्वांत वर असतो. सूर्योदयाला जन्म झाला तर रवी लग्नात, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री चतुर्थात. पत्रिका बरोबर मांडली आहे की नाही हे पाहण्याची ही सर्वांत सोपी कसोटी. पहाटेचा जन्म असून रवी दशमात दाखवला असेल तर पुढचे वाचायचे कारणच नाही.

रवीच्या जवळ आलेला ग्रह त्याच्या प्रकाशात दिसेनासा होतो. त्याला अस्तंगत म्हणतात. सूर्यसिद्धांतात प्रत्येकासाठी अंतर दिले आहे: मंगळ १७ अंश, शनी १५, बुध १४, चंद्र १२, गुरू ११ आणि शुक्र १०. बुध व शुक्र वक्री (उलट दिशेने सरकताना दिसत) असताना हे अंतर अनुक्रमे १२ आणि ८ होते. मुळात हे डोळ्यांनी दिसण्या-न दिसण्याचे मोजमाप. फलज्योतिषाने त्याचा अर्थ ‘ग्रह निर्बळ झाला’ असा लावला. रवी स्वतः कधी वक्री होत नाही.

रवीचे योग बरेच आहेत. चंद्र सोडून एखादा ग्रह त्याच्यापासून दुसऱ्या स्थानी असला तर वेशी, बाराव्या असला तर वाशी, दोन्हीकडे असले तर उभयचरी. सर्वांत लोकप्रिय मात्र रवी-बुधाचा बुधादित्य. बुद्धिमत्तेचा योग म्हणून तो कौतुकाने सांगतात, पण बुध सूर्यापासून साधारण २८ अंशांपलीकडे जातच नाही. त्यामुळे हा योग पत्रिकांमागून पत्रिकांत सापडतो, आणि एकट्या त्याच्यावर मोठे भाकीत उभारणे जाणत्या ज्योतिषालाही पटणारे नाही. रवीबरोबर राहू किंवा केतू आल्यास ‘ग्रहण योग’ किंवा ‘पितृदोष’ म्हणून शांती सुचवण्याची रीत आज जोरात आहे.

आयुष्याचे कालखंड ग्रहांत वाटणाऱ्या विंशोत्तरी पद्धतीत १२० वर्षांच्या चक्रापैकी रवीची महादशा, म्हणजे त्याच्या वाट्याचा कालखंड, ६ वर्षांची, सर्वांत लहान. कृत्तिका, उत्तरा आणि उत्तराषाढा ही त्याची नक्षत्रे. जन्माच्या वेळी चंद्र यांपैकी एकात असला तर आयुष्याची सुरुवात रवीच्या दशेने होते. गोचरीत, म्हणजे आकाशातल्या चालू भ्रमणात, तो एका राशीत साधारण महिनाभर असतो आणि चंद्रराशीपासून तिसरा, सहावा, दहावा किंवा अकरावा असताना अनुकूल मानतात.

पाश्चात्त्य पद्धतीत ‘तुमची रास’ म्हणजे रवीची रास. इथे रास विचारली की चंद्राची सांगायची; पत्रिका वाचली जाते ती लग्न आणि चंद्र यांच्यापासून. रवी आत्मा असला तरी फळ भोगणारे मन चंद्राचे, असा त्यामागचा युक्तिवाद. शिवाय दोन्ही पद्धतींचे राशिचक्रही एका जागी सुरू होत नाही. पाश्चात्त्यांची सायन मेष वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून) मोजतात, निरयन मेष तारकांच्या संदर्भाने. या दोहोंतले अंतर म्हणजे अयनांश, आणि चित्रापक्षीय (चित्रा तारा आधार धरणाऱ्या) गणनेने तो आज सुमारे २४ अंश आहे. त्यामुळे ५ एप्रिलला जन्मलेल्याचा रवी पाश्चात्त्य कुंडलीत मेषेत, तर आपल्या पत्रिकेत मीनेत दिसतो. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, मकर संक्रांत येते १४-१५ जानेवारीला, हेही त्याचेच फळ. हे अंतर वाढत जाते, साधारण ७२ वर्षांत एक अंश. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच हिशेबाने १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणून ती ऐन संक्रांतीला झाली असे जे सर्रास लिहितात ते पंचांगात बसत नाही.

दुर्बल रवीसाठी सांगितले जाणारे उपाय बहुतेक सूर्योपासनेतूनच घेतलेले: उगवत्या सूर्याला अर्घ्य, गायत्री मंत्र, रामायणाच्या युद्धकांडातले आदित्यहृदय, रविवारी गहू किंवा तांब्याचे दान. माणिक वापरण्याबाबत मात्र मतभेद आहेत. रत्नाने ग्रहाचे बळ वाढते असे मानले, तर रवी ज्यांच्या पत्रिकेत अष्टमेश (आठव्या भावाचा स्वामी) आहे त्या मकर लग्नाच्या लोकांना ते सरसकट देणे नियमाला धरून नाही, असे अनेक ज्योतिषी म्हणतात.

ग्रहांची ही फळे प्रत्यक्षात येतात याला वैज्ञानिक पुरावा मिळालेला नाही. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे छापा-काटा करून मिळेल त्याच्याच आसपास. संपूर्ण पत्रिका वाचून दिलेली ही उत्तरे होती. एकट्या रवीच्या फळांची परीक्षा त्यात नव्हती.