व्होल्टेज रेग्युलेटर (बॅटरीवरच्या लहान सर्किटांसाठी)

बॅटरीचा दाब उतरत गेला किंवा लोड (सर्किट ओढते तो करंट) कमी-जास्त झाला, तरी सर्किटला ठरावीक व्होल्ट पुरवणारी आयसी म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. मोठ्या सर्किटात तो किती अँपिअर देतो हे आधी पाहतात. लहान सर्किटात मात्र तो स्वतः किती खातो, हे पाहावे लागते.

सवयीने हात जातो ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटरकडे. स्वस्त, दणकट, कुठेही मिळणारा. पण आउटपुटला काहीच जोडलेले नसले तरी तो सुमारे ५ मिलिअँपिअर ओढतो. ९ व्होल्टच्या चौकोनी अल्कलाइन बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर ती १०० तासांत, म्हणजे जेमतेम चार दिवसांत, नुसत्या रेग्युलेटरपायी संपते. त्याचाच छोटा भाऊ ७८एल०५ अंगाने ट्रान्झिस्टरएवढा, तरी त्याची भूकही मिलिअँपिअरमध्येच. उलट एचटी७३५० हा ५ व्होल्टचाच रेग्युलेटर सुमारे ४ मायक्रोअँपिअरवर भागवतो. डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात) हा आकडा ‘क्विसंट करंट’ या ओळीत सापडतो, पण तो बहुधा बिनलोडचा असतो: एलपी२९५० या रेग्युलेटरचे ७५ मायक्रोअँपिअर १०० मिलिअँपिअर लोडला ८ मिलिअँपिअरच्या घरात जातात.

दुसरी अट ड्रॉपआउटची, म्हणजे इनपुट आउटपुटपेक्षा किमान किती वर हवे याची. ७८०५ला सुमारे २ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टची बॅटरी ७च्या खाली आली की तिच्यात उरलेली वीज वाया जाते. ३.३ व्होल्टचा एएमएस१११७ रेग्युलेटर तर लिथियम सेलवर लावूच नये. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा आणि याला हवा सुमारे १ व्होल्टचा फरक, मग ३.३ व्होल्ट येणार कुठून? तिथे एमसीपी१७०० शोभतो: २५० मिलिअँपिअरला ड्रॉपआउट सुमारे ०.१८ व्होल्ट, स्वतःची भूक १.६ मायक्रोअँपिअर. मात्र त्याची इनपुट मर्यादा ६ व्होल्ट, त्यामुळे ९ व्होल्टच्या बॅटरीवर तो जळेल. वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचे क्षणिक झटके २५० मिलिअँपिअरपलीकडे जातात. तिथेही तो अपुरा पडतो.

उष्णता हा प्रश्न इथे क्वचितच येतो. ९ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना २० मिलिअँपिअरला फक्त ०.०८ वॅट जळतात.

रेग्युलेटरला जोडायचा कपॅसिटर डेटाशीट सांगेल तोच लावावा. एलपी२९५०च्या आउटपुटला नुसता सिरॅमिक कपॅसिटर लावला तर रेग्युलेटर दोलायमान होऊ शकतो, म्हणजे त्याचे व्होल्ट स्थिर न राहता हेलकावतात. पायांचा क्रमही गृहीत धरू नये: दिसायला जुळे असूनही ७८एल०५चा मधला पाय ग्राउंडचा, तर एमसीपी१७००चा इनपुटचा.