चाकात कोंडलेली हवा

वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि त्यांच्या भरवशावर रस्त्याकडेची पंक्चरची दुकानं चालतात. अपघात म्हटलं की आपल्याला रस्त्यावरची धडक आठवते. पण या दुकानांतला फार भयंकर अपघात उतरवून ठेवलेल्या चाकाचा असतो.

जुन्या ट्यूबवाल्या चाकांची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात तो पोलादी भाग, अखंड नसते. टायर चढवता यावा म्हणून तिची एक कड सुटी असते आणि खाचेत बसवलेल्या लॉक रिंगवर ती टिकते. हवा शंभर पौंडांवर गेली की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 7 किलोचा रेटा बसतो. ऐकायला किरकोळ. पण टायरच्या एका बाजूचा अडीच हजार चौरस सेंटीमीटर भाग धरला, तरी हिशेब 17 टनांवर जातो! रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्याच डिस्कची असली, खाचेत माती राहिली, की ती निसटते. चाकात पाणी असतं तर जरा जागा मिळताच दाब संपला असता; आठपट दाबलेली हवा मात्र फैलावत जाते आणि रिंगेला ढकलतच राहते.

हवा भरणारा पोरगा नेमका तिच्यासमोर उकिडवा बसलेला असतो. रिंग तिरपी दिसली की हवा न सोडताच तिच्यावर हातोडा मारतो. मला धास्ती वाटते ती याच क्षणाची. ‘रोजचंच काम हाय, भाऊ’ असं तो म्हणतो, आणि हात सराईत असतोही. पण डोकं रिंगेच्या वाटेत असलं तर सराव कामी येत नाही.

अमेरिकेने 1980 साली या चाकांसाठी वेगळा नियमच केला: चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवायचं, लांब नळी चिमट्याने व्हॉल्व्हला अडकवून बाजूला उभं राहून हवा भरायची, दाब असताना रिंगेवर ठोकायचं नाही. पिंजरा सर्वाधिक रेट्याच्या दीडपट सोसणारा हवा, म्हणजे भंगारातल्या पाइपांचा सांगाडा कामाचा नाही. लांब नळी आणि चिमटा मात्र कुठल्याही दुकानाला परवडतो. चाकाचे नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडायला तर पैसाही लागत नाही. जोडचाक असेल तर दोन्हींची काढावी.

नव्या ट्यूबलेस चाकांना रिंग नसते, पण धोका असतो. कमी हवेवर भार ओढलेल्या रेडियल टायरच्या बाजूच्या पोलादी तारा वाकून वाकून आतल्या आत तुटतात, बाहेरून पत्ताही लागत नाही. पुन्हा हवा भरताना एक तार जाते, मग शेजारची, आणि टायरची बाजू चेन उघडावी तशी फाटत जाते. भरताना ती फुगीर दिसली किंवा आतून तडतड ऐकू आली, तर जवळ जाऊन बघायचं नाही; नळीवरूनच हवा सोडायची.