०–१८ किलो की ९–३६ किलो? सारख्या दिसणाऱ्या दोन कार सीट

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की घरात कार सीटचा विषय निघतो. आत्या नाहीतर मामा म्हणतात, 'ती आमच्याकडून.' मग नागपुरातल्या सदर-सीताबर्डीच्या दुकानात किंवा मोबाइलवर दोन सीट शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींची पाठ उंच, दोन्हींना खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे पाच पट्टे, आणि पुष्कळदा दोन्हींच्या खोक्यावर 'कन्व्हर्टिबल' असंच छापलेलं. फरक एका ओळीचा. एकीवर ०–१८ किलो, दुसरीवर ९–३६ किलो. विक्रेता सांगतो, 'ही दुसरी घ्या, पोरगं बारा वर्षांचं होईस्तोवर चालते.' बाळ साडेनऊ किलोचं असतं, पैसे एकदाच जाणार असतात, आणि दुसरी सीट घरी येते.

वर्षाच्या बाळासाठी ही निवड चुकीची आहे. ९–३६ वाली सीट मुळात वाईट नाही, पण तिची वेळ अजून यायची असते.

०–१८ किलोची सीट गाडीत दोन तऱ्हांनी बसते. आधी उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे आणि पाय मागच्या सीटच्या पाठीकडे. बहुतेक मॉडेलमध्ये १३ किलोपर्यंत असं बसवता येतं, काहींत १८ पर्यंतही. त्यानंतर तीच सीट फिरवून सरळ लावायची आणि १८ किलोपर्यंत वापरायची. ९–३६ वाली सीट उलटी बसतच नाही. तिच्यातही दोन टप्पे आहेत, पण वेगळे: सुमारे १८ किलोपर्यंत तिचे स्वतःचे पाच पट्टे, आणि पुढे ते काढून टाकून मुलाला गाडीच्याच सीट बेल्टने बांधायचं. म्हणजे पहिली सीट दिशा बदलते, दुसरी पट्टा बदलते. वर्षाच्या लेकरासाठी दिशा सगळ्यात महत्त्वाची.

कारण मानेत आहे. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं. मानेच्या मणक्यांची हाडं अजून पूर्ण जुळलेली नसतात, त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात, आणि ते पक्के व्हायला तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. गाडी समोरून धडकली की गाडी थांबते, पण आतलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. सरळ बसलेल्या बाळाचं धड पट्टे धरून ठेवतात, डोक्याला मात्र कोणी धरत नाही. ते पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तोच धक्का सीटच्या पाठीत जिरतो. डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी, एकाच रेषेत त्या कवचात दाबली जातात, आणि मान वेगळी खेचली जात नाही. मागून गाडी ठोकली तर काय, असं लोक विचारतात. समोरून होणारे अपघात जास्त जीवघेणे असतात, मागून बसणाऱ्या धक्क्यात वेगातला फरक सहसा कमी असतो, म्हणून संरक्षण आधी समोरच्या धडकेपासून हवं.

मग खोक्यावर ९ किलो का लिहितात? आर४४ या जुन्या युरोपीय मानकात सीटचे गट वजनावरून पाडलेले आहेत आणि सरळ बसवण्याचा गट ९ किलोपासून सुरू होतो. आपलं एआयएस-०७२ हे मानकही वजनाच्याच गटांवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलाचं मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो आहे, म्हणजे हा आकडा नेमका पहिल्या वाढदिवसाच्या आसपास गाठला जातो. मानेचं वय वजनकाट्यावर दिसत नाही. म्हणूनच २०१३ साली आलेल्या आर१२९ म्हणजे आय-साइझ मानकाने वजन बाजूला ठेवून उंची धरली आणि १५ महिन्यांच्या आत सरळ बसवायला मनाईच केली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याहून पुढे जाऊन सांगितलं की सीटची उलट्या बाजूची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल उलटंच बसवा. मला हाच सल्ला पटतो. १३ किलोची मर्यादा असली तरी मध्यम वजनाचं मूल अडीच वर्षांच्या आसपास तिथवर पोचतं. म्हणजे ज्या दीड वर्षात ९–३६ वाल्या सीटने लेकरू सरळ बसलं असतं, त्या दीड वर्षात ०–१८ वाली त्याची मान सांभाळते. दुसरी सीट नंतर वेगळी घ्यावी लागेल, हे खरं. तो खर्च मी योग्य मानतो.

वेगाचंही लक्षात ठेवा. आर४४ ची समोरून धडकेची चाचणी ताशी ५० किलोमीटरला होते. त्या वेगात कडेवरचं दहा किलोचं लेकरू धडकेच्या क्षणी काही क्विंटलच्या जोराने पुढे जातं, आईचे हात त्याला धरूच शकत नाहीत. आणि शिर्डीला निघालेली नागपूरची गाडी समृद्धी महामार्गावर ताशी १२० पर्यंत कायद्यानेच जाऊ शकते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, दुप्पट वेगाला चौपट. तिथे सीटबाबतची हयगय जास्त महाग पडते. मोटार वाहन कायद्याच्या १९४ब कलमानुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असलं तर १००० रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने घेतलेली सीट बऱ्याचदा चुकीची बसवलेली असते.

घरच्यांचा आक्षेप पायांचा असतो. 'अरे बाप्पा, पाय किती आखडले बिचाऱ्याचे!' आजी म्हणते, आणि तिची काळजी खरी असते. पण दोन वर्षांचं मूल घरात तासन्‌तास मांडी घालून खेळतंच, सीटमध्येही तसंच बसतं किंवा पाय वर टेकवतं. उलट्या सीटमध्ये पायाच्या दुखापती क्वचित होतात. आजीला एवढंच सांगा की पाय मोडला तर जुळतो. मान तशी नाही. सीट लहान झाली की नाही ते पायांवरून ठरवू नका, डोक्यावरून ठरवा: डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर आला की उलट्या बाजूची उंची संपली. नेमका नियम त्या सीटच्या पुस्तिकेत असतो.

दुकानात खोकं नको, सीट पाहायला मागा. बाजूला किंवा मागे नारिंगी स्टिकर असतो, त्यावर वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर, मानकाचं नाव आणि वजनाचा किंवा उंचीचा पट्टा छापलेला असतो. त्यावर नऊपासून सुरुवात असेल तर विक्रेता काहीही म्हणो, ही सीट लहान बाळाची नाही. शक्य असेल तर सीट स्वतःच्या गाडीत लावून बघूनच पैसे द्या. छोट्या हॅचबॅकमध्ये उलटी सीट पुढच्या सीटला अडते, आणि काही गाड्यांचा मागचा बेल्ट उलट्या सीटभोवती पुरतच नाही.

बसवताना खरी अडचण येते ती सीट कव्हरची. नवी गाडी घेतली की आपण आधी रेक्झिनचं कव्हर शिवून घेतो, आणि त्यात मागच्या सीटच्या फटीतल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायच्या, दोन लोखंडी कड्या गाडल्या जातात, कधी बेल्टचं बकलही. फटीत बोटं घालून कड्या शोधा, नसतील सापडत तर कव्हरवाल्याकडून तेवढा भाग कापून घ्या. सरळ बसवलेल्या सीटला वरचा टॉप टेदर पट्टा असेल तर तोही लावायचाच. त्याची कडी मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा डिकीत असते, सामान अडकवायचा हूक म्हणजे ती कडी नव्हे. आयसोफिक्स नसेल तर बेल्टने बसवता येते, पण बेल्ट बरोबर वाटेने गेला पाहिजे: युरोपीय मानकाच्या सीटवर उलट्या बाजूची वाट निळ्या खुणांनी आणि सरळ बाजूची लाल खुणांनी दाखवलेली असते. गुडघा टेकवून वजन द्या, बेल्ट खेचा, मग जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवा. दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत घट्ट करा.

पट्ट्यांबाबत एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे उलटी होते. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा थोडे खाली हवेत, कारण धडकेत बाळ पाठीवरून वर सरकतं. सरळ सीटमध्ये ते खांद्याच्या रेषेत किंवा थोडे वर. दिशा बदलली की पट्ट्याची उंचीही बदला. घट्टपणा बघायला खांद्याजवळ पट्टा दोन बोटांत उभा चिमटून बघा, चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. डिसेंबर-जानेवारीत जाड जॅकेट घालून पट्टे बांधू नका, धडकेत जॅकेट चपटं होतं आणि आतलं लेकरू सुटं पडतं. आधी पट्टे बांधा, वरून शाल घाला.

समोरच्या सीटवर उलटी सीट कधीच नको, तिथली एअरबॅग चालू असेल तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

नागपूरचा मे महिना वेगळी दक्षता मागतो. उन्हात उभ्या गाडीत सीटच्या बकलची धातूची पट्टी मांडीला चटका बसेल इतकी तापते. उतरताना सीटवर पांढरी चादर टाका, आणि बाळ बसवण्याआधी बकल स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बाळ झोपलंय म्हणून 'दोन मिनिटांत येतो' असं म्हणून काचा लावून जाऊ नका. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंश चढतं, आणि मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

कोणाकडून जुनी सीट मिळत असेल तर ती अपघातातून गेली आहे का, हे विचारूनच घ्या. वापराची मुदत बऱ्याचदा सीटच्या तळाला छापलेली असते.

९–३६ ची वेळ साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते, मूल १८ किलोच्या जवळ आलं की. तेव्हा पाच पट्टे निघतात आणि गाडीचा बेल्ट येतो. कमरेचा भाग पोटावर नको, मांड्या सुरू होतात तिथे कटीच्या हाडांवर टेकला पाहिजे, आणि वरचा भाग मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे. काटोल-अमरावतीच्या रस्त्याला झोप लागल्यावर मूल एका कुशीला कलंडून बेल्टखालून सरकत असेल, तर पट्टे काढायची घाई झाली. सीटची मर्यादा संपली नसेल तोवर तेच पुन्हा लावा.